मोडकी सायकल विकताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, नाट्यसंगीत, शिवकाल अशा विषयांवर चांगली व्याख्याने झाली. आम्हा नवराबायकोला बोलावणे आले तेव्हा आम्ही विषय कळवला : नादुरुस्त सायकलची विक्री. कार्यवाहांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. भाषण वाचतो आहे एकजण, पण लिहिले आहे दोघांनी. जिथे आमचे पटले नाही तिथे तसे सांगणार आहोत.

यंदा पावसाच्या आधी मुळगावातल्या आमच्या घरून एक सायकल विकली गेली. सायकल विकणे ही काही बातमी नव्हे. पण ही सायकल साधी नव्हती, ती बिघडलेली होती, आणि ती घ्यायला आलेला मुलगा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला होता. जुनी मोडकी वस्तू विकताना तिचे दोष किती सांगायचे, कोणाला सांगायचे, आणि कोणता दोष आपणच दुरुस्त करून मग वस्तू हातात द्यायची, यावर आमच्या घरात पंधरा दिवस वाद झाला. त्या वादात जे वाचले, विचारले, तपासले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी सायकल कोणती ते सांगायला हवे. तिला फिक्स्ड गिअर म्हणतात. पुण्या-मुंबईची मुले ‘फिक्सी’ म्हणतात. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते, ज्याला बाजारात नुसते ‘फ्री’ म्हणतात. उतार लागला की पाय थांबवायचे, सायकल आपोआप जाते आणि मागून टिकटिक ऐकू येते. ती टिकटिक म्हणजे फ्रीव्हीलमधल्या कुत्र्यांचा आवाज. ‘कुत्रा’ हा कारागिरांचा शब्द आहे, आम्ही बनवलेला नाही. फिक्स्ड गिअरमध्ये हे काही नाही. मागचे दातेरी चक्र थेट हबवर आटे देऊन बसवलेले. चाक फिरले की चक्र फिरते, चेन फिरते, पेडल फिरते आणि पेडलवरचा पायही फिरतो. थांबायची सोय नाही. उलट, पेडलवर मागे जोर दिला तर चाकाचा वेग कमी होतो. म्हणून अशी सायकल चालवणारे पायालाच ब्रेक मानतात, आणि पुष्कळजण दिसायला बरे म्हणून हाताचा ब्रेक काढूनच टाकतात.

हे नवे फॅड आहे असे समजू नका. सुरुवातीला सगळ्याच साखळीच्या सायकली अशा होत्या. फ्रीव्हीलचा प्रसार झाला तो १९०० च्या आसपास. १९०३ मध्ये फ्रान्सची मोठी सायकल शर्यत सुरू झाली तेव्हा आजच्यासारखे गिअर नव्हतेच, आणि १९३७ पर्यंत त्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्राला परवानगी नव्हती. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत. चढ आला की स्वार खाली उतरायचा, चाक काढायचा, उलटे करून बसवायचा आणि पुढे जायचा. ही चाक उलटे करण्याची युक्ती लक्षात ठेवा, पुढे ती आमच्या कामी आली.

बंदिस्त गोल धावपट्टीवरच्या शर्यती आजही अशाच सायकलींवर होतात. जपानात १९४८ पासून कोकुरा शहरात सुरू झालेली केइरिन नावाची शर्यत आहे, तिच्यावर लोक पैसे लावतात. तिथल्या सायकलींनाही फ्री नाही आणि ब्रेकही नाहीत. पण तिथे समोरून ट्रक येत नाही. गाय बसलेली नसते. सगळे एकाच दिशेने जातात. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी अशी धावपट्टी झाली. आपल्या गोव्यात ती नाही. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या, पण ट्रॅकवरच्या सायकल शर्यती घ्याव्या लागल्या दिल्लीत. म्हणजे जी सायकल नीट चालवायला अख्ख्या राज्यात जागा नाही, ती आमच्या पडवीत उभी होती.

ती आली पुण्याहून. आमचा भाचा तिथे नोकरीला होता. हौसेने २२ हजारांना घेतली, दोन वर्षे चालवली, मग परदेशी जाताना बसच्या टपावर टाकून आमच्याकडे पाठवून दिली. “मामी, असू दे तिथे, येईन तेव्हा नेईन.” तो येतो, जेवतो, झोपतो आणि सायकलकडे न बघता जातो. गोव्यात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पडवीत ठेवलेल्या लोखंडाला चार पावसाळे म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. शेवटी त्यानेच फोनवर सांगितले, विकून टाका आणि पैसे चवथीच्या खर्चाला घ्या.

विकायची म्हणून आम्ही ती उलटी करून ठेवली आणि डिचोलीच्या बाजारातल्या एका जुन्या सायकल दुरुस्तीवाल्यांना घरी बोलावले. त्यांनी चाक हाताने फिरवले, पेडल गरगर फिरताना पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, “ह्याला फ्री नाही, मग उतारावर पाय कुठे ठेवायचे?” त्यांना समजावून सांगितल्यावर मात्र त्यांनी जी तपासणी केली, ती कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

टायर दोन्ही वाळून चिरलेले. मागचा टायर ठरावीक ठिकाणी जास्त घासलेला होता, आणि त्यावरून त्यांनी ओळखले की चालवणारा पाय आवळून चाक घसटत थांबवायचा. पुढे ४६ दाते आणि मागे १६ असले की एकच पाय पुढे धरून चाक अडवताना ते टायरच्या आठ वेगवेगळ्या जागी अडते, म्हणून झीज वाटली जाते. पुढे ४८ असते तर प्रत्येक वेळी एकाच जागी घासून टायरला भोक पडले असते. आकडेमोड आम्ही नंतर केली, घासलेल्या जागा त्यांनी बोटाने दाखवल्या. पेडलच्या दांड्याच्या आतले छर्रे गंजलेले, फिरवले की खरखर. मागच्या चाकाला बोटभर आऊट. चेन लांबलेली. हे सगळे दोष दिसणारे, ऐकू येणारे. घेणारा कितीही नवखा असला तरी त्याला कळतील असे.

दोन दोष वेगळे होते. पहिला, ब्रेक नव्हता. पुढचाही नाही आणि मागचाही नाही. भाच्याने काढून टाकला होता आणि ब्रेकच्या भोकात रबराचे झाकण बसवले होते. दुसरा दोष डोळ्यांना दिसत नव्हता. फिक्स्ड चक्र हबवर नेहमीच्या उजव्या आट्यांनी बसते, पुढे पेडल मारले की घट्ट होते. पण मागे जोर दिला तर तेच चक्र सैल व्हायला बघते. म्हणून त्याच्या बाहेरून उलट्या आट्यांची एक चकती आवळलेली असते. चक्र सैल व्हायला लागले की चकती त्याला अडवते. ही चकती आमच्या सायकलला नव्हती. कधीतरी चक्र काढताना निघाली असेल, परत बसली नाही. चक्र नुसते गंजाने आणि आट्यांनी धरून होते.

याचा अर्थ काय, तो उतारावर धरून बघा. या सायकलच्या एका पेडलफेरीत साधारण ६ मीटर अंतर जाते. ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर पाय मिनिटाला ८३ वेळा फिरतात. उतारावर वेग ४५ झाला की १२४ वेळा. नवशिक्याचे पाय त्या वेगाला पेडलवर टिकत नाहीत. तो घाबरून पाय आवळतो, म्हणजे मागे जोर देतो. तेवढ्यात चक्र आट्यांवरून सुटते. आता पाय मोकळे, हातात ब्रेक नाही, आणि सायकल चाललीच आहे.

आमच्या वाड्यावरून मोठ्या रस्त्याला उतरणारी वाट उताराची आहे. खाली डिचोली-अस्नोड्याकडे जाणारी वाहने. २०२४ मध्ये डिचोलीच्या खनिज पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. खनिजाच्या ट्रकसमोर दुचाकीवाल्याची काय गत होते, हे या तालुक्यातल्या कोणालाही आम्ही सांगण्याची गरज नाही.

आणि हे नुसते भीतीपोटी बोलतो आहोत असेही नाही. २०१६ मध्ये लंडनमध्ये अशाच, पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड गिअर सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक महिला, दोन मुलांची आई, मरण पावली. चालवणारा १८ वर्षांचा मुलगा होता. ब्रिटनमध्ये सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. फिक्स्ड चक्र हा एक धरतात, पण पुढचा हवाच. मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला, पण घोडागाड्यांच्या काळातल्या १८६१ च्या एका कायद्याखाली २०१७ मध्ये त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याने ती सायकल सेकंडहँड घेतलेली होती. विकणाऱ्याने काय सांगितले होते आणि काय नाही, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

आता विक्रीकडे येतो. आम्ही ओळखीच्यांना विचारले, तर दहातल्या आठजणांचा सल्ला एकच. “‘आहे तशी’ असे लिहा आणि मोकळे व्हा. घेणाऱ्याने बघून घ्यावे.” हा सल्ला अगदीच चूक नाही. कायदाही पुष्कळसा तेच म्हणतो. १९३० चा माल विक्रीचा कायदा सांगतो की विकलेली वस्तू चांगली असल्याची आपोआप हमी मानली जात नाही. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः त्या वस्तूचा धंदा करणाऱ्या दुकानदाराला लागू होतात. पडवीतली जुनी सायकल काढणाऱ्या आमच्यासारख्यांना नाहीत.

पण त्याहून जुना, १८७२ चा कराराचा कायदा उघडला तर त्याच्या १७ व्या कलमाखाली फार गमतीची उदाहरणे आहेत. त्या काळी सायकली, मोटारी कुठल्या असणार! उदाहरणे घोड्याची आहेत. पहिले : एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. दुसरे : घेणारी त्याचीच मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. इथे नात्यामुळेच खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे : घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा धड आहे असे मी धरीन, आणि विकणारा गप्प बसतो. इथे गप्प बसणे म्हणजे बोलणेच.

दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कायदेपंडितांनी लिलावातला अनोळखी माणूस आणि घरची मुलगी यांच्यात रेघ ओढली. आम्ही दोघे बसून विचार करत राहिलो, की मुळगावात ही रेघ कुठून जाते? इथे लिलावातला अनोळखी माणूस असतोच कुठे? केळबाईच्या जत्रेला आपण ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतो, माटोळीचे सामान आणायला एकमेकांच्या रानात जातो, त्यातलाच कोणीतरी आपली सायकल घेणार. घेतल्यावर ती रोज आपल्याच दारावरून जाणार. शहरात विकलेली वस्तू दिसेनाशी होते. गावात विकलेली वस्तू परत परत समोर येते.

या तालुक्याला गंजत उभे राहिलेले यंत्र विकण्याचा अनुभव तर दांडगा आहे. १० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ती २०१४ मध्ये उठली आणि मार्च २०१८ पासून पुन्हा सगळे थांबले. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले, टायर जमिनीत रुतले. किती घरांनी ते ट्रक मिळेल त्या भावाला काढले! त्या वेळी कोणी दोष सांगितले, कोणी रंग मारून झाकले. कोणाला नावे ठेवायची नाहीत. हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला नीतीचे धडे देणे सोपे असते. आमच्या डोक्यावर हप्ता नव्हता, हेही इथे सांगून टाकतो.

आम्ही कागदावर जाहिरात लिहिली आणि ओळखीच्या दुकानात लावली. ती अशी होती : “सायकल विकणे आहे. एकच गिअर, फ्री नाही, पाय थांबवता येत नाहीत. दोन्ही ब्रेक नाहीत. मागच्या चक्राची चकती नाही, त्यामुळे पायाने थांबवणे धोक्याचे. टायर, चेन बदलावी लागेल. छर्रे खराब. फ्रेमला तडा नाही, वाकलेली नाही. दुरुस्तीशिवाय चालवू नये. बघायला यावे.” दुकानदार म्हणाले, “ही विकायची जाहिरात आहे की घेऊ नका म्हणून?”

तरी तिघे आले. पहिला भंगारवाला. त्याने दोष वाचलेच नाहीत, हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि किलोचा भाव सांगितला. दुसरे पणजीकडचे एक गृहस्थ, त्यांना कॅफेच्या भिंतीवर टांगायला सायकल हवी होती. दोषांशी त्यांना देणेघेणे नव्हते. उलट गंज आहे तसाच राहू द्या म्हणाले. रोख ५ हजार द्यायला तयार. तिसरा शेजारचा मुलगा, अकरावीत शिकणारा. त्याला डिचोलीला जायला सायकल हवी होती.

इथे आमच्यात फूट पडली. एकाचे म्हणणे होते, कॅफेवाल्यांना द्यावी. पैसे जास्त, दुरुस्तीची कटकट नाही, आणि भिंतीवरच्या सायकलवरून कोणी पडत नाही. हे म्हणणे खोडून काढायला आजही आमच्याकडे चोख उत्तर नाही. दुसऱ्याचे म्हणणे, सायकल ही चालवायची वस्तू. पायी किंवा बसची वाट बघत जाणारा मुलगा समोर असताना ती भिंतीला खिळे मारून टांगायची हे बरे दिसत नाही. पहाटे पदेर सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येतो, तेवढीच एक कामाची सायकल आता आमच्या वाड्यावर दिसते. आणखी एक दिसली तर काय वाईट?

मुलाला मात्र दोषांचेच आकर्षण. “काकी, ब्रेक नसलेलीच भारी दिसते. व्हिडिओत सगळे तशीच चालवतात.” चकतीचे सांगितले तर म्हणाला, मी हळू चालवीन. दोष सांगून आपली जबाबदारी संपली असे ज्यांना वाटते, त्यांनी सोळा वर्षांच्या मुलाला एखादा धोका सांगून पाहावा. आमच्या जाहिरातीतले प्रत्येक वाक्य त्याने कौतुक म्हणून वाचले होते.

म्हणून आम्ही त्याच्याशी सौदा केला नाही. वडिलांना घेऊन ये म्हटले. यालाही कायद्याचा आधार आहे. १८ वर्षांखालच्याने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात हे ठरवले आणि ते आजतागायत कायम आहे. पण खरे कारण कायदा नव्हता. दोष ऐकून घाबरेल असा माणूस आम्हाला व्यवहारात हवा होता.

वडील आले. हे एकेकाळचे ट्रकवाले. २०१३ मध्ये त्यांनी आपला ट्रक विकला. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, जाहिरात पुन्हा वाचली आणि समोर बसले. “मी एकेक भाग विचारतो. बरा असेल तर बरा म्हणा, नसेल तर नाही म्हणा. गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात तर मी बरा आहे असे धरणार.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. घोड्याचे तिसरे उदाहरण त्या गृहस्थांनी कधी वाचलेले नव्हते. मग म्हणाले, “ट्रक विकताना गिअरबॉक्सचे मी सांगितले होते. २५ हजार कमी आले. पण घेणारा अजून भेटला की चहा पाजतो.”

किमतीचे सांगतो, कारण पुष्कळजण इथेच अडतात. भाच्याने २२ हजार दिले होते, हा आकडा विसरायचा. तो गेला. नव्या टायरची, धड चालणारी अशी जुनी सायकल आज कितीला जाईल, तिथून सुरुवात करायची. दुरुस्तीवाल्यांशी बोलून आम्ही ८ हजार धरले. दुरुस्तीचा अंदाज असा निघाला : पुढचा ब्रेक ७५०, मागचा ७००, १८ दात्यांचे फ्रीव्हील २५०, चेन ३५०, नवे फिक्स्ड चक्र आणि चकती ९००, दोन टायर-ट्यूब १,६००, छर्रे बदलून ओव्हरहॉलिंग ४००, आऊट काढणे २००. एकूण ५,१५०. म्हणजे सायकल होती तशी २,८५० रुपयांची. कॅफेवाल्यांचे ५ हजार यापेक्षा कितीतरी जास्त, कारण त्यांना सायकल नको होती, तिचे चित्र हवे होते.

मग दुरुस्ती कोणी करायची? वडील म्हणाले, मी घेतो आणि करून घेतो. आम्ही म्हटले, टायर, छर्रे, आऊट तुमच्याकडे. पण ब्रेक, फ्री आणि चेन बसल्याशिवाय सायकल आमच्या दारातून खाली उतरणार नाही. टायर खराब असेल तर पंक्चर होते, मुलगा चालत घरी येतो. ब्रेक नसेल तर येत नाही. दोषांचे हे दोन प्रकार आम्हाला तरी वेगळे वाटतात. पहिल्या प्रकारचा दोष सांगावा आणि किंमत कमी करावी. दुसऱ्या प्रकारचा दोष कितीही स्वस्त करून, कितीही सांगून विकू नये. यावर मात्र आम्हा दोघांचे एकमत होते.

आता ती चाक उलटे करण्याची युक्ती. या सायकलच्या मागच्या हबला दोन्ही बाजूंना आटे होते. एका बाजूला फिक्स्ड चक्र, दुसरी बाजू रिकामी, फ्रीव्हीलसाठी. १५ नंबरच्या पान्याने चाक सोडवले, १८ दात्यांचे फ्री चढवले, चाक उलटे करून बसवले, की झाली साधी सायकल. नव्या चेनचा ताण चाक मागे ओढून धरायचा. काळ्या सायकलला करतो तसेच, काही वेगळे नाही. फ्रेमला ब्रेकची भोके होतीच, रबराची झाकणे काढली. दुरुस्तीवाल्यांनी दोन तासांत काम संपवले. पहिल्यांदा टिकटिक ऐकू आली तेव्हा ते म्हणाले, “आता ही बोलायला लागली.”

तुमच्यापैकी कोणाकडे अशी सायकल असेल तर एक धोका इथे सांगतो, आणखी कुठे ऐकला नसेल म्हणून. याच्या उलट कधी करू नका. फक्त फ्रीव्हीलसाठी असलेल्या साध्या हबवर फिक्स्ड चक्र बसते, कारण उजवे आटे तेच. पण चकतीसाठी लागणारे उलटे आटे त्या हबला नसतात. काहीजण गोंद लावून, दुसरीच कसली तरी रिंग आवळून काम भागवतात. घेताना ते ओळखू येत नाही. चाक काढून चक्राच्या बाहेर, चकतीखाली उलटे आटे आहेत का, हे स्वतः बघितल्याशिवाय घेऊ नका. दुसरे, फिक्स्ड सायकल साफ करताना चाक फिरते ठेवून चेनला फडका लावू नका. चेन चाकाबरोबर ओढली जाते आणि बोट आत जाते. ओढणी, धोतर, पायजमा अडकला तर साधी सायकल थांबते, ही थांबत नाही.

पावतीचेही बोलतो. मोटारसायकलला कागद असतात, सायकलला काही नाही. पूर्वी नगरपालिका वर्षाचा कर घेऊन सायकलला पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. तुमच्यातल्या पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना तो आठवत असेल, आणि बिल्ला नसताना, दिवा नसताना, डबलसीट बसलेले असताना पोलिसाला पाहून उडी मारून उतरणेही आठवत असेल. बिल्ले गेले. आता सायकल कोणाची हे सांगणारी एकच खूण उरली, फ्रेमवर, बहुधा पेडलच्या नळीखाली ठोकलेला नंबर. आम्ही तो नंबर घासून वाचला, कागदावर लिहिला, भाच्याकडून जुने बिल फोनवर मागवले आणि कागदाला जोडले. चोरीची सायकल विकत घेतली तर घेणाऱ्याला तिची मालकी मिळत नाही, त्याने पैसे मोजले असले तरी. तेव्हा हा कागद घेणाऱ्यासाठीच असतो. कागदाच्या खाली राहिलेले तीन दोष लिहिले : टायर, छर्रे, आऊट. वडिलांनी सही केली. मुलालाही करायची होती, वडिलांनी करू दिली.

सौदा ठरला ५ हजारांना. हिशेबाने ५,८०० व्हायला हवे होते, पण वडिलांनी घासाघीस केली आणि ती त्यांनी चांगली केली. आमचे ब्रेक, फ्री, चेन आणि चक्र-चकती मिळून २,९५० गेले. हातात राहिले २,०५० रुपये. कॅफेवाल्यांकडून न काही करता ५ हजार आले असते, हे आमच्यातला एकजण अधूनमधून आठवण करून देतो.

तुम्ही विचाराल, फ्री बसवले तर मग फिक्स्ड चक्र आणि चकती ९०० रुपये खर्चून आणली कशाला? ते मुलाशी ठरलेले होते. त्याला ती सायकल ‘तशी’ हवी होती. त्याचे मन मोडायचे नव्हते, आणि दुसरीकडून चकतीशिवायचे चक्र आणून त्याने गुपचूप बसवले असते तर? नवे चक्र आणि योग्य मापाची चकती पुण्याहून मागवून घेतली. ती मोसंबीच्या गोळ्यांच्या एका जुन्या डब्यात ठेवली आहे. डबा आमच्या घरी आहे. वडिलांनीच तशी अट घातली : १८ वर्षे पूर्ण झाली, ब्रेक दोन्ही जागेवर असले, तर डबा मागायचा. झाकणावर त्याच्या आईने त्याची जन्मतारीख लिहून ठेवली.

सध्या तो डिचोलीला सायकलने जातो. टायर बदलले, छर्रे बदलले. आऊट अजून काढलेला नाही, त्यामुळे सायकल येताना लांबून ओळखू येते. चकती आवळायचा वेगळा पाना लागतो, तो बाजारात सहज मिळत नाही. आमच्याकडे आहे. कोणाला लागला तर संध्याकाळी घरी या, चहाही मिळेल. आता प्रश्न असतील तर विचारा. कायद्याचे एकजण सांगेल, पान्याचे दुसरा.